नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतला जॉर्ज वॉशिंग्टन: काय पाहावे, कुठून पाहावे, काय सोडावे

पहिली गोष्ट वेळेची. वॉशिंग्टन डीसीतली ‘नॅशनल मॉल’ या लांबलचक हिरवळीच्या पट्ट्यावरची स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेची बहुतेक संग्रहालये सकाळी दहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. त्याच संस्थेची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीही तशीच असणार असे धरून माणसे दहा वाजता आठव्या रस्त्यावरच्या त्या मोठ्या दगडी इमारतीसमोर येतात आणि बंद दार पाहून दोन चौक पलीकडच्या चायनाटाउनच्या कमानीचे फोटो काढत बसतात. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी साडेअकराला उघडते आणि सातला बंद होते. आठवड्याचे सातही दिवस चालू, सुट्टी फक्त २५ डिसेंबरला. तिकीट नाही, आधी नाव नोंदवायची भानगड नाही. एकच अडचण होऊ शकते: सरकारी खर्चाचे विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अडकून कामकाज ठप्प झाले, तर काही दिवसांनी स्मिथसोनियनच्या दारालाही कुलूप लागते. शिवाय राष्ट्राध्यक्षांच्या दालनाची मांडणी अधूनमधून बदलतात आणि त्या काळात दालन बंद असू शकते. म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर इमारत आणि दालन दोन्ही चालू आहेत ना, ते बघून घ्या.

सकाळचा रिकामा वेळ वाया घालवू नका. दहाला उघडणारी नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट इथून पायी दहा-बारा मिनिटांवर आहे, तीही फुकट. तिथल्या वेस्ट बिल्डिंगमध्ये चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्टने रंगवलेल्या वॉशिंग्टनची चित्रे आहेत, त्यातली दोन पाहाच. एक १७९५ चे, ‘वॉन’ या नावाने ओळखले जाणारे. दुसरे पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांच्या संचातले, लाकडी फळीवर रंगवलेले. असा पूर्ण संच आज हा एकच शिल्लक आहे. ही दोन्ही चित्रे आधी पाहून मग पोर्ट्रेट गॅलरीत गेलात तर तिथले मोठे चित्र दुप्पट कळते. उलट क्रमाने गेलात तर ही दोन ‘लहान आणि साधी’ वाटून डोळ्यांखालून निसटतात.

आता मुख्य चित्राकडे. ‘अमेरिकाज प्रेसिडेंट्स’ हे कायमचे दालन दुसऱ्या मजल्यावर आहे. व्हाइट हाऊसबाहेर सर्व राष्ट्राध्यक्षांच्या व्यक्तिचित्रांचा पूर्ण संग्रह एवढा हाच. पण हा संग्रह एकसारखा चांगला नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. इथे यायचे ते मुख्यतः एका कॅनव्हाससाठी: स्टुअर्टने १७९६ मध्ये रंगवलेला पूर्णाकृती वॉशिंग्टन, म्हणजे ‘लॅन्सडाऊन पोर्ट्रेट’. साधारण आठ फूट उंच, सव्वापाच फूट रुंद. माणूस खऱ्या मापाचा आहे आणि वॉशिंग्टन सहा फुटांहून उंच होता, त्यामुळे पुढे उभे राहिले की मान आपोआप वर जाते. ते काही योगायोगाने घडत नाही.

चित्राचे नाव अमेरिकन नाही, ब्रिटिश आहे. पेनसिल्व्हेनियाचा धनाढ्य सिनेटर विल्यम बिंगम याने ते मार्क्विस ऑफ लॅन्सडाऊनला भेट देण्यासाठी करवून घेतले. हा लॅन्सडाऊन म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध संपवणारी तहाची बोलणी सुरू झाली तेव्हाचा ब्रिटनचा पंतप्रधान. म्हणजे ज्या देशाविरुद्ध लढून वॉशिंग्टन मोठा झाला, त्याच देशातल्या एका उमरावाच्या घरी त्याचे सर्वांत भव्य चित्र गेले आणि दीडशेहून अधिक वर्षे ब्रिटनमध्येच खासगी मालकीत राहिले. १९६८ मध्ये पोर्ट्रेट गॅलरी लोकांसाठी उघडली तेव्हा ते उसनवारीवर इथे आले. २००० साली मालकाने विकायचे ठरवले आणि गॅलरीचे धाबे दणाणले. शेवटी डोनाल्ड रेनॉल्ड्स प्रतिष्ठानने ३ कोटी डॉलर दिले. त्यातले २ कोटी नुसत्या चित्राचे, बाकीचे ते देशभर फिरवण्यासाठी आणि दालनासाठी. आज ज्या चित्राशिवाय हे दालन डोळ्यांसमोर येत नाही, ते गॅलरीच्या मालकीचे झाले २००१ मध्ये.

पाहायचे कसे? बहुतेक लोक सहा-सात फुटांवर उभे राहतात, चेहऱ्याचा फोटो घेतात आणि पुढे सरकतात. तेवढ्या अंतरावरून ना पूर्ण चित्र डोळ्यांत मावते, ना तपशील दिसतो. आधी पंधरा फूट मागे जा आणि बरोबर मध्यावर उभे राहा. तिथून चित्राची रचना एका नजरेत येते. काळा मखमली पोशाख हा मधला खांब, त्यातून आपल्या डावीकडे पसरलेला त्याचा उजवा हात आणि आपल्या उजवीकडे म्यानातल्या तलवारीच्या मुठीवर टेकलेला डावा. मागे स्तंभ, लाल पडदा, आकाश. सगळा थाट युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या चित्रांचा. हाताची ऐट तर फ्रेंच दरबारी चित्रकार रिगो याच्या एका धर्मगुरूच्या चित्रावरून घेतलेली आहे. नाहीत ते फक्त मुकुट, झगा आणि सेनापतीचा गणवेश. ज्याला सारे जग सेनापती म्हणून ओळखत होते, त्याला नागरी पोशाखात उभे केले, ही या चित्रातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट. तलवारही लढाईची नाही, मिरवण्याची आहे.

मग जवळ जा, पण चेहऱ्याकडे नाही. आपल्या डावीकडे, खाली वाका. टेबलावर लाल कापड, त्यावर दौत, पांढरे पीस, कागद, काळी टोपी आणि पुस्तके: ‘फेडरलिस्ट’ हा राज्यघटनेची बाजू मांडणारा लेखसंग्रह आणि काँग्रेसच्या कामकाजाचे ‘जर्नल’. टेबलाखाली टेकवून ठेवलेली जाडजूड पुस्तके वेगळी आहेत. त्यांच्या कण्यांवर ‘जनरल ऑर्डर्स’, ‘अमेरिकन रेव्होल्यूशन’ आणि ‘कॉन्स्टिट्यूशन अँड लॉज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ असे लिहिलेले वाचता येते. थोडक्यात, खाली झालेले काम आणि वर चालू काम. टेबलाचा सोनेरी पाय म्हणजे दांड्यांची बांधलेली मोळी, प्राचीन रोममधली सत्तेची खूण, आणि तिच्या माथ्यावर गरुड. उजवीकडे खुर्चीच्या पाठीवर लंबगोल पदकात तारे आणि पट्टे. आता नजर वर न्या. स्तंभांमागे एका बाजूला काळे ढग, आणि उजव्या टोकाला बारीक इंद्रधनुष्य. वादळ सरले असे सांगणारे ते इंद्रधनुष्य दहातल्या आठ जणांना दिसत नाही, कारण ते चौकटीच्या अगदी कडेला आहे आणि डोळा चेहऱ्यावर अडकलेला असतो.

चेहरा शेवटी पाहा. तो काहीसा घट्ट, ओठ मिटून पुढे आलेले, जबडा चौकोनी. लोकांना वाटते हा करारीपणा. खरे कारण तोंडाच्या आत आहे. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा वॉशिंग्टनच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता, आणि स्टुअर्टपुढे बसला तेव्हा नव्या कवळीने ओठ आणि गाल फुगलेले होते. कवळी लाकडाची होती ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते, ती चुकीची. शिसे, हस्तिदंत, जनावरांचे दात आणि माणसांचे दात मिळून ती बनलेली असे. वरची-खालची पूर्ण जोडी शाबूत राहिलेली त्याची एकमेव कवळी शहराच्या दक्षिणेला, पोटोमॅकच्या काठी, त्याच्या माउंट व्हर्ननच्या घराशेजारच्या संग्रहालयात आहे. माणसांचे दात कोणाचे, याचा एक धागा त्याच्याच हिशेबात मिळतो: १७८४ साली ‘नीग्रों’ना ९ दातांसाठी ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ते दात त्याच्याच तोंडासाठी होते का, ते त्या नोंदीत लिहिलेले नाही. पण चित्रासमोर उभे राहून ओठांकडे पाहताना ती नोंद माहीत असलेली बरी. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ माणसे गुलामीत होती, त्यातली १२३ त्याच्या मालकीची. लाल पडदा, स्तंभ, पुस्तके, इंद्रधनुष्य या सगळ्यात त्यांचा मागमूस नाही. ही बाजू समजून घ्यायची असेल तर अर्धा दिवस काढून माउंट व्हर्ननला जावे लागते. या चित्राकडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

चित्रकला म्हणून कसे आहे? डोके अव्वल आहे. गालावरची तांबूस त्वचा, कानापाशी पांढऱ्या पूड लावलेल्या केसांची कड, डोळ्यांखालची जड सावली. स्टुअर्ट रेघ काढून रंग भरणारा नव्हताच; रंगावर रंग ठेवून चेहरा उभा करी, आणि त्यात त्या काळी अमेरिकेत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. मानेखाली मात्र चित्र ढिले पडते. पसरलेला हात खांद्यातून नीट उगवत नाही, पाय बुटांसकट थोडे उपरे वाटतात. देहासाठी दुसऱ्याच कोणाला उभे केले होते असे मानतात, आणि डोळ्यांना ते पटते. वॉशिंग्टन या चित्रासाठी बसला तो एप्रिल १७९६ मध्ये, आणि पोर्ट्रेटसाठी बसायचा त्याला मनापासून कंटाळा होता. त्यामुळे मिळालेल्या थोड्या वेळात डोके उरकले आणि बाकीचे मागाहून रचले, असा सरळ हिशेब आहे. फक्त ‘भव्य’ म्हणून पाहणाऱ्याला हा जोड दिसत नाही. एकदा दिसला की मग चित्राची खरी गंमत सुरू होते.

२०१६ मध्ये हे चित्र भिंतीवरून उतरवून स्वच्छ करायला घेतले आणि मार्च २०१८ मध्ये परत लावले. जुन्या तैलचित्राला नेमके काय होते, ते इथे चांगले समजते. रंगाच्या थरावर संरक्षणासाठी लावलेले वार्निश काही दशकांत पिवळे, मग तपकिरी होते. पांढऱ्या झालरी मळकट दिसतात, निळे आकाश हिरवट होते, आणि सर्वांत मोठे नुकसान काळ्याचे, कारण काळ्यातले सूक्ष्म फरक बुजून नुसता काळा ठोकळा उरतो. पूर्वी वॉशिंग्टनचा पोशाख असाच ठोकळा होता. आता एका बाजूला सरकून पाहिले तर मखमलीच्या घड्या, बटणे, बाहीच्या शिवणी दिसतात. बाजूला सरकून पाहायचे कारण असे की समोरून दिव्याची चमक नेमकी काळ्या भागावर येते. दोन पावले डावीकडे गेले की ती जाते.

आता प्रतींची कथा, कारण या चित्राचे मोल तिच्याशिवाय कळत नाही. लंडन आणि डब्लिन इथे कर्ज करून स्टुअर्ट १७९३ मध्ये अमेरिकेत परतला, तो वॉशिंग्टनचे चित्र काढून पैसा करायचा या उघड हेतूने. त्याने वॉशिंग्टनची तीन मूळ रूपे बनवली. वॉनमध्ये चेहऱ्याची उजवी बाजू दिसते. ‘अथेनियम’ या अपुऱ्या चित्रात आणि लॅन्सडाऊनमध्ये डावी. या तिन्हींवरून तो आयुष्यभर प्रती काढत राहिला. अथेनियमच्याच पाऊणशेच्या आसपास काढल्या, आणि त्यांना तो गमतीने शंभर डॉलरच्या नोटा म्हणे, कारण एकेका प्रतीचा तेवढा दर होता. मूळ अथेनियम त्याने मुद्दाम पुरे केले नाही. पुरे झाले असते तर वॉशिंग्टनच्या पत्नीला, मार्थाला, द्यावे लागले असते, आणि मग नोटा छापायचा छापखानाच हातचा गेला असता. चित्रकाराच्या लबाडीचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित पाहायला मिळतो: कॅनव्हासवर डोके पूर्ण, खांदे नाहीत, बाकी मोकळी जागा.

पण दुसऱ्यांनी प्रती काढल्या की मात्र तो चिडे. जेम्स हीथने १८०० मध्ये लंडनात लॅन्सडाऊनचे कोरीव चित्र छापून विकले. स्टुअर्टला ना परवानगी विचारली, ना पैसे दिले, वर नावही ‘गेब्रिअल स्टुअर्ट’ छापले. एका जहाजी व्यापाऱ्याने तर त्याचे चित्र चीनमध्ये कँटनला नेऊन तिथल्या कारागिरांकडून काचेवर प्रती करवून आणल्या आणि फिलाडेल्फियात विकायला काढल्या. १८०२ मध्ये स्टुअर्टने कोर्टात जाऊन ती विक्री थांबवली. विल्यम विन्स्टनलीने केलेली लॅन्सडाऊनची एक पूर्णाकृती प्रत १८०१ मध्ये कुठे पोचली असेल? कोलकात्याला. तिथले बडे दलाल रामदुलाल दे यांच्याशी अमेरिकन व्यापाऱ्यांचा मोठा व्यवहार चाले आणि त्यांनी कृतज्ञता म्हणून ती त्यांना भेट दिली. तो कॅनव्हास आज व्हर्जिनियात वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाकडे आहे. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत पुरता पोचायच्या आत बंगाली घराच्या भिंतीवर जाऊन बसला होता, आणि तोही प्रतीच्या रूपात.

व्हाइट हाऊसच्या ईस्ट रूममध्ये आहे तीही प्रतच. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी शहर जाळले तेव्हा त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी डॉली मॅडिसन हिने वाचवली ती हीच. भिंतीला स्क्रूने आवळलेली चौकट निघेना, तेव्हा ती फोडून कॅनव्हास काढावा लागला. त्या प्रतीत टेबलाखालच्या पुस्तकावर ‘स्टेट्स’ऐवजी ‘सेट्स’ असे लिहिले गेले आहे. पोर्ट्रेट गॅलरीतल्या मूळ चित्रात ते बरोबर आहे. व्हाइट हाऊसच्या चित्राचा फोटो फोनवर ठेवून इथे ताडून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे आणि मुलांना तर भलतेच आवडते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे: स्टुअर्टच्या हातची लॅन्सडाऊनची आणखी दोन पूर्णाकृती चित्रे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमीत आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये आहेत. एडिसनहून दोन्ही एका दिवसाच्या टप्प्यात येतात. फक्त ती त्या दिवशी भिंतीवर आहेत का, ते आधी विचारून घ्या.

अथेनियमच्या बाबतीत तर हे विचारणे फार गरजेचे आहे. ते चित्र १९८० मध्ये पोर्ट्रेट गॅलरी आणि बॉस्टनचे म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स यांनी मिळून ४८ लाख ७५ हजार डॉलरना घेतले, आणि ते काही वर्षे इथे, काही वर्षे तिथे असे फिरते. ‘एक डॉलरच्या नोटेवरचे मूळ चित्र’ बघायला म्हणून खास आलेले लोक ते बॉस्टनला असल्याचे कळल्यावर हिरमुसतात. ते इथे असो वा नसो, एक डॉलरची कोरी नोट जवळ ठेवा. तिच्यावरचा चेहरा अथेनियमवरूनच घेतलेला आहे, पण आरशातल्यासारखा उलटा. नोटेचा फोटो काढा, फोनमध्ये आडवा फिरवा आणि चित्राशेजारी धरा. उलटे असेपर्यंत ‘हा तोच का?’ असे वाटत राहते, आणि सुलटे केले की ओळख एकदम जुळते. अथेनियम बॉस्टनला असेल तर हीच खटपट सकाळी नॅशनल गॅलरीतल्या पाचांच्या संचापाशी करा. तिथला वॉशिंग्टन याच घाटाचा आहे. आणि वॉनसमोर नोट न फिरवता धरा, म्हणजे दोन्हीकडे उजवी बाजू येते आणि दोन चेहऱ्यांतला फरक लख्ख कळतो: वॉनमध्ये रक्तामांसाचा, जरा तापट वाटणारा गृहस्थ, नोटेवर दगडी पुतळा.

बाकी दालनाला पाऊण तास पुरतो. लिंकनपाशी थांबा. त्याची दोन मुखवटारूपे गॅलरीच्या संग्रहात आहेत: चेहऱ्यावर प्लास्टर लावून घेतलेला १८६० चा साचा, दाढी नसताना, आणि फेब्रुवारी १८६५ चा. पाच वर्षांत माणूस पंचवीस वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसतो. अमेरिकेच्या यादवी युद्धाची पोथी वाचून जे कळणार नाही ते या दोन गालफडांत आहे. अलेक्झांडर गार्डनरने ५ फेब्रुवारी १८६५ रोजी घेतलेला फोटोही याच संग्रहातला. काचेची निगेटिव्ह तडकली, तिच्यावरून एकच छाप निघाली आणि निगेटिव्ह टाकून दिली. तडा डोक्याच्या वरच्या भागातून आरपार गेलेला दिसतो. उजेडाने तो कागद खराब होतो म्हणून तो कायम मांडत नाहीत. त्यासाठीच जाणार असाल तर आधी खात्री करून घ्या, प्रतिकृती पाहून परतण्यात मजा नाही. ज्या इमारतीत तुम्ही उभे असता, त्याच इमारतीत ६ मार्च १८६५ ला लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीचा नाच झाला होता. तेव्हा इथे पेटंट कचेरी होती, आणि युद्धकाळात काही भागात जखमी सैनिकांच्या खाटा.

लिंकननंतरची दाढीमिशांची रांग भराभर ओलांडायला हरकत नाही. विसाव्या शतकात तीन ठिकाणे: डग्लस चँडरचा फ्रँकलिन रूझवेल्ट, ज्यात खाली नुसत्या हातांचे अभ्यास रंगवलेले आहेत, एलेन डी कूनिंगचा हिरव्या-पिवळ्या फटकाऱ्यांतला केनेडी, आणि पीटर हर्डचा लिंडन जॉन्सन, जो स्वतः जॉन्सनला इतका कुरूप वाटला की त्याने तो स्वीकारलाच नाही. केहिंडे वायलीचा ओबामा पाहायला गर्दी असते. त्यातली फुले मोजून घ्या: शिकागोची शेवंती, हवाईची जाई, केनियाची निळी लिली. राष्ट्राध्यक्षांची चित्रे करवून घेण्याची प्रथा गॅलरीने १९९० च्या दशकात थोरल्या बुशपासून सुरू केली. त्याआधीची चित्रे जशी मिळाली तशी गोळा केलेली आहेत, म्हणून दर्जा इतका वर-खाली.

जाण्यायेण्याचे. मेट्रोचे स्टेशन गॅलरी प्लेस–चायनाटाउन. रेड, ग्रीन आणि यलो तिन्ही मार्ग इथे थांबतात. नवव्या रस्त्याच्या आणि जी स्ट्रीटच्या कोपऱ्याकडचे दार घ्या, वर आलात की इमारत समोरच. रॉकव्हिल, गेथर्सबर्गकडून येणाऱ्यांना शेडी ग्रोव्हची रेड लाइन थेट आणते. हर्नडन, अ‍ॅशबर्नकडून सिल्व्हर लाइनने येणाऱ्यांनी मेट्रो सेंटरला उतरून सरळ चालत यावे; एका स्टेशनासाठी गाडी बदलण्यापेक्षा ते सोपे पडते. गाडी आणायचा विचार सोडा. स्वतःचा वाहनतळ नाही, आणि शेजारीच कॅपिटल वन अरीना आहे. हॉकी किंवा बास्केटबॉलचा सामना असेल त्या संध्याकाळी आसपासच्या पार्किंगचे दर चढतात आणि साडेसहाच्या सुमारास मेट्रोचे जिने जर्सी घातलेल्या गर्दीने भरतात.

भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर एफ स्ट्रीटच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका, जी स्ट्रीटच्या बाजूने या. व्हीलचेअर फुकट मिळते, पण असतील तोवरच. लिफ्टने थेट दुसऱ्या मजल्यावर. अर्धा तास उभे राहून झाले की मधल्या कोगोड अंगणात बसा. नॉर्मन फॉस्टरने २००७ मध्ये घातलेले लाटांसारखे काचेचे छत, झाडे, टेबलखुर्च्या, आणि तिथे बसायला काही विकत घ्यावेच लागते असे नाही. उन्हाळ्यात मॉलवरून तापून आलेल्यांना ही जागा चित्रांपेक्षा जास्त आवडते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. फोटोला परवानगी आहे; फ्लॅश, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक चालत नाही. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला सांगतात, तर आधीच घ्या. मार्गदर्शकाबरोबर मोफत फेरी असते, तिच्या वेळा आल्या आल्या माहितीच्या टेबलावर विचारा. लॅन्सडाऊनसमोर शांतता हवी असेल तर आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी, मॉलवरची संग्रहालये बंद झाल्यावर, सहाच्या सुमारास जा. शेवटच्या तासात दालन बरेचसे तुमचेच असते. शाळांच्या सहली असतात त्या वसंतातल्या दुपारी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते.

जाता जाता दुकानातून किंवा इंटरनेटवरून लॅन्सडाऊनची छापील प्रत घेणार असाल, तर आधी आकाश पाहा. ते तपकिरी-पिवळट असेल आणि पोशाख नुसता काळा ठोकळा असेल, तर तो २०१६ च्या आधीचा, वार्निशखालचा फोटो आहे. इंद्रधनुष्य दिसत असेल तरच पैसे द्या.